नवी वेबसाइट गूगलवर येत नाही? कोणत्या क्रमाने काय करायचं

माझी मामी गडहिंग्लजजवळच्या एका गावात वर्षाची चटणी करून विकते. पुण्या-मुंबईत जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तिलाच आमच्याकडे नुसतं चटणी म्हणतात. हा शब्दांचा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच बोलायचं आहे. इतकी वर्षं धंदा तोंडोतोंडी चालला. मग मीच मागे लागून तिला वेबसाइट काढायला लावली. फेब्रुवारीत साइट सुरू झाली, हंगाम अगदी तोंडावर होता. आणि मे संपेपर्यंत ती गूगलवर कुठेच आली नाही. दहाव्या पानावरसुद्धा नाही.

“अगं, आपलं नाव टाकलं तरी काहीच येईना की!” रोज संध्याकाळी मामीचा फोन. हंगाम तसाच निघून गेला. चूक एका चौकोनातल्या खुणेची होती, ती दुसऱ्या पायरीत सांगते. त्या तीन महिन्यांत आणि नंतरच्या वर्षभरात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमचा हंगाम तरी वाया जाणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गूगलवर येणं वेगळं आणि गूगलवर वर येणं वेगळं. गूगलचं काम तीन टप्प्यांत चालतं. त्याचा गूगलबॉट नावाचा प्रोग्राम पानं वाचत फिरतो, याला क्रॉलिंग म्हणतात. वाचलेलं पान ठेवण्यासारखं वाटलं तर त्याची नोंद होते, हे इंडेक्सिंग. आणि कुणी काही शोधलं की नोंदीतल्या पानांमधून क्रम लावला जातो, हे रँकिंग. बहुतेक नवे लोक तिसऱ्या टप्प्याची काळजी करत बसतात आणि त्यांचं घोडं पहिल्या नाहीतर दुसऱ्या टप्प्यावरच अडलेलं असतं. आमचंही तसंच होतं.

१. आधी हाताशी काय हवं

– डोमेनचं (म्हणजे साइटच्या नावाच्या पत्त्याचं) लॉगिन, तुमच्या स्वतःच्या ईमेलवर. साइट करून देणारे कितीतरी जण डोमेन स्वतःच्या खात्यात घेतात. पुढे त्यांच्याशी बिनसलं की नावही गेलं आणि कमावलेलं सगळं गेलं. पैसे देण्याआधी हे बोलून घ्या.
– होस्टिंगचं (साइटच्या फाइल्स जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) आणि वर्डप्रेसचं (साइट ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर) ॲडमिन लॉगिन. ‘एडिटर’ नव्हे, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’.
– धंद्यासाठी वेगळं गूगल खातं.
– स्वतः काढलेले फोटो. मोबाईलवरचे चालतात.
– खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. याने गूगलवर साइट वर जाते असं मी म्हणत नाही, पण अनोळखी साइटवरून मसाला मागवणारा माणूस हा क्रमांक शोधतो.
– एक वही. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायला. या यादीत सगळ्यात जास्त उपयोग हिचा झाला.

डोमेन विकत घेताना ते आधी कुणाचं होतं का हेही बघा. ‘वेबॅक मशीन’ या मोफत साइटवर नाव टाकलं की त्या पत्त्यावर पूर्वी काय होतं ते दिसतं. तिथे जुगार किंवा तसलं काही दिसलं तर दुसरं नाव घ्या.

२. दार आतून बंद नाही ना?

वर्डप्रेसमध्ये ‘सेटिंग्ज’ आणि त्यात ‘रीडिंग’ असं पान आहे. तिथे अगदी खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये अशा अर्थाचा. साइट तयार होत असताना तिथे खूण करून ठेवतात, अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून. काम झालं की ती काढायची. आमची काढायची राहिली. त्या खुणेमुळे प्रत्येक पानात ‘नोइंडेक्स’ ही सूचना बसते, आणि गूगल ती तंतोतंत पाळतं. तीन महिने गूगलबॉट येत होता, सूचना वाचत होता आणि परत जात होता. आम्ही बाहेर बसून क्रमांकाची काळजी करत होतो.

दुसरं कुलूप म्हणजे ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल. तुमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हे नाव इंग्रजीत टाका, फाइल उघडेल. त्यात ‘डिसअलाउ’ या शब्दापुढे नुसती एकटी तिरकी रेघ असेल, तर तो नियम ज्या बॉटसाठी लिहिलाय त्याला अख्खी साइट बंद. वरच्या ‘युजर-एजंट’च्या ओळीत फुली (*) असेल तर तो सगळ्यांनाच लागू. या दोन्हींचा अर्थ मात्र एक नाही. ‘रोबोट्स’ची फाइल वाचायला मनाई करते, ‘नोइंडेक्स’ नोंद करायला मनाई करतं. एखादं पान गूगलमधून खरोखर काढायचं असेल तर दोन्ही एकदम लावू नका, कारण पान वाचताच आलं नाही तर आतला ‘नोइंडेक्स’ गूगलला दिसणारच नाही.

आपण नोंदीत आहोत का हे बघायची झटपट रीत: गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, लगेच दोन टिंबं (:), आणि जागा न सोडता तुमचं डोमेन. काहीच आलं नाही तर बहुधा नोंदच झालेली नाही. पक्कं उत्तर पुढच्या पायरीत मिळतं.

३. सर्च कन्सोलमध्ये साइट जोडा

गूगल सर्च कन्सोल मोफत आहे. २०१५ पर्यंत त्याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल. तुमची साइट गूगलला कशी दिसते हे गूगलच्याच तोंडून कळायची ही जागा.

साइट जोडताना दोन पर्याय येतात. ‘डोमेन’ निवडा. यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, सुरक्षित आणि असुरक्षित, सगळे पत्ते एकत्र येतात. मालकी सिद्ध करायला गूगल एक लांबलचक ओळ देतं. ती डोमेन जिथे घेतलं तिथल्या डीएनएसच्या (डोमेन कुठे जोडायचं त्याच्या नोंदींच्या) पानावर ‘टीएक्सटी’ प्रकारची नोंद म्हणून चिकटवायची. ती लागू व्हायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी एक दिवस. ‘व्हेरिफाय’ झालं नाही म्हणून ती नोंद काढून पुन्हा पुन्हा नवी टाकू नका. व्हेरिफाय झाल्यावरही ती तशीच ठेवा.

आता वरच्या पट्टीत तुमच्या एखाद्या पानाचा पत्ता टाका. पान नोंदीत आहे की नाही आणि नसेल तर का नाही, हे तिथे येतं. आमच्या पहिल्या पानाला तिथेच ‘नोइंडेक्स’ असं स्पष्ट लिहून आलं. मी हे पहिल्या आठवड्यात उघडलं असतं तर हंगाम वाचला असता.

‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण दाबायचं, पण एका पानासाठी एकदाच. रोजची मर्यादा असते आणि दहा वेळा दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही.

दोन शेरे नव्या माणसाला घाबरवतात. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पान असल्याचं कळलंय, अजून वाचलेलं नाही. नव्या साइटवर हे येतंच, थांबा. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे वाचलं, पण सध्या ठेवलेलं नाही. हा शेरा महिनोन्‌महिने राहिला तर पानाकडे नीट बघा. आमच्या पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशा तीन वजनांची तीन पानं होती, मजकूर शब्दशः एकच. तिन्हींचं एक पान केलं आणि ते नोंदीत आलं.

४. साइटमॅप द्या, पण त्यावर विसंबू नका

साइटमॅप म्हणजे तुमच्या पानांची यादी. वर्डप्रेस ती आपोआप बनवतं. तिचा पत्ता सर्च कन्सोलच्या ‘साइटमॅप्स’ भागात एकदा टाकला की झालं. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपल्याला वीसही पुष्कळ. यादीतल्या ‘प्रायॉरिटी’च्या आकड्यांकडे गूगल बघत नाही, त्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा पहिल्या पानावरून प्रत्येक महत्त्वाच्या पानाकडे जायला दुवा आहे ना ते बघा. ज्या पानाकडे तुमच्याच घरातून वाट नाही, ते गूगलला तरी महत्त्वाचं का वाटावं?

५. मराठी मजकूर खरोखर मराठी आहे का?

या पायरीवर जरा थांबा, कारण हा त्रास खास आपला आहे. इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात तो सापडणार नाही.

मामीची माहितीपत्रकं गावातल्या डीटीपीवाल्याने केली होती. त्याच्याकडचा मजकूर वेबसाइटसाठी घेतला. तो होता श्रीलिपीत. अशा जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘चटणी’ दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं. वरचा फॉन्ट काढला की उरतो निव्वळ गोंधळ, आणि गूगल फॉन्ट बघत नाही, आतलं बघतं. कृतिदेवचंही तेच. वर्तमानपत्रं, संस्थांची स्मरणिका, शाळेची पत्रकं, कितीतरी ठिकाणी अजून असाच मजकूर पडून आहे.

तपासायचं कसं? साइटवरचं एक वाक्य मोबाईलवर बोट दाबून निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. तिथे जसंच्या तसं मराठी आलं तर ठीक, ते युनिकोड आहे, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता येणारं मराठी. अगम्य अक्षरं आली तर मजकूर बदलून घ्यावा लागेल. आणि निवडताच आलं नाही तर ते चित्र आहे. कन्व्हर्टर मोफत मिळतात, पण त्यानंतर ओळन्‌ओळ वाचाच. रफार पुढच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्हस्व’सारखा शब्द ओळखू येत नाही.

चित्राचा प्रकार तर सर्रास आहे. सुंदर रंगीत बॅनर, त्यावर भावपत्रक, पत्ता, फोन, सगळं काही, आणि खाली मजकुराची एक ओळ नाही. चित्रातली अक्षरं गूगल वाचेल या भरवशावर राहू नका. बॅनर ठेवा, पण तीच माहिती खाली टाइप करा. फोटोच्या ‘ऑल्ट’ चौकटीत साधं वर्णन द्या, ‘उन्हात वाळत घातलेली ब्याडगी मिरची’ इतकंच.

पानाच्या पत्त्याचंही एक मराठी दुखणं आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि त्याची मर्यादा २०० अक्षरांची. देवनागरीतलं एक चिन्ह पत्त्यात साठवताना नऊ अक्षरं खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर पत्ता तुटतो. ‘कांदा लसूण चटणी वर्षभर कशी टिकवायची’ यातलं ‘टिकवायची’ तर आलंच नाही आणि ‘कशी’सुद्धा मध्येच कापलं गेलं. पत्ता देवनागरीत असला म्हणून गूगलचं काही अडत नाही, फक्त तो हाताने छोटा करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ नको असेल तर रोमन लिपीत दोन-तीन शब्द लिहा. मी तेच करते. एकदा ठरवलेला पत्ता पुढे बदलू नका, बदललाच तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं रीडायरेक्शन (आपोआप वळवणारी सूचना) लावा.

६. लोक कोणते शब्द टाकतात ते ऐका

आमच्या साइटभर ‘कोल्हापुरी चटणी’ लिहिलं होतं. पुण्यातली बाई ‘चटणी’ शोधते तेव्हा तिला शेंगदाण्याची, जवसाची किंवा ओली नारळाची हवी असते. आम्हाला जे विकायचं होतं त्याला ती मसाला म्हणते. शिवाय निम्मे लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, कुणी लसूण लिहितं, कुणी लसुण. सर्च कन्सोलच्या ‘परफॉर्मन्स’ भागात हे सगळे शब्द वेगवेगळे दिसतात, १६ महिन्यांपर्यंतचे.

मग शीर्षकात ‘कांदा-लसूण मसाला’ आणलं आणि पहिल्याच परिच्छेदात सरळ लिहिलं की आमच्या भागात यालाच चटणी म्हणतात. रोमन लिपीतलं नाव पाकिटावर होतंच, तेही एकदा मजकुरात आलं. इतकं पुरे. दहा शब्द दहा वेळा कोंबलेलं पान माणसालाही वाचवत नाही. आणि कुणी ‘मेटा कीवर्ड’ (पानाच्या कोडमध्ये दडवलेली शब्दांची यादी) भरून द्यायचे पैसे मागितले तर देऊ नका. गूगल ते विचारात घेत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय.

आता ती वही काढा. ‘मसाला’ या एका शब्दावर तुमची नवी साइट मोठ्या कंपन्यांच्या आणि वीस वर्षं जुन्या पाककृतींच्या साइट्सच्या वर जाणार नाही. पण मामीला फोनवर लोक काय विचारायचे बघा: एक किलो मिरचीला खोबरं किती? ब्याडगी आणि संकेश्वरी कोणत्या प्रमाणात? कांडपावरून आणल्यावर गरम चटणी लगेच भरली तर काय होतं? बरणीत हिंगाचा खडा कुठे ठेवायचा, तळाशी की वर? या प्रश्नांची नीट उत्तरं फार कुणी लिहिलेली नव्हती. मामीने सांगितलं, मी लिहिलं, तिच्या अंगणातले फोटो लावले. आमचं पहिल्या पानावर आलेलं पहिलं पान विक्रीचं नव्हतं, बरणीच्या प्रश्नाचं होतं.

इथे एक इशारा. एआयकडून एका रात्रीत तीनशे लेख लिहून घ्यायचा मोह होईल. केवळ क्रमांकासाठी ढिगाने बनवलेल्या मजकुराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. तो मजकूर माणसाने लिहिलाय की यंत्राने, याने त्या नियमाला फरक पडत नाही. आठ पानं लिहा, पण ती फक्त तुम्हीच लिहू शकाल अशी.

७. दुवे: कमवा, विकत घेऊ नका

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं तेव्हा त्यांची मुख्य कल्पना पेजरँकची होती. दुसऱ्या साइटने तुमच्याकडे दुवा दिला तर ती एक शिफारस, आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी तिची किंमत जास्त. आपल्याकडे सोयरीक जुळवताना चार ठिकाणी चौकशी करतात, तसंच हे. गावात नव्याने राहायला आलेल्या घराबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही, नव्या साइटची अडचण नेमकी तीच. आज गूगल इतर बऱ्याच गोष्टी बघतं, पण दुवे अजून मोजले जातात.

साइट सुरू झाल्यावर महिन्याभरात तुम्हाला फोन येतील. ‘पाचशे बॅकलिंक देतो’, ‘पहिल्या पानाची गॅरंटी’, काही जण तर ‘गूगलमधून बोलतोय’ असंही म्हणतात. वर आणून देण्यासाठी गूगल पैसे घेत नाही, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतः लिहून सांगतं. विकतच्या दुव्यांमागे लागून २०१२ च्या पेंग्विन अपडेटमध्ये (गूगलच्या क्रम लावायच्या पद्धतीतला एक बदल) कितीतरी साइट्स खाली गेल्या. कुणाकडून असं काही करून घेतलं असेलच, तर सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ (गूगलने केलेली कारवाई) उघडून बघा.

खरे दुवे जवळच असतात. बचत गटाच्या महासंघाची साइट, तालुक्यातल्या कृषी प्रदर्शनाची यादी, जिथे माल ठेवता त्या दुकानाची साइट, परदेशातलं एखादं महाराष्ट्र मंडळ जे दिवाळीला माल मागवतं. आम्हाला पहिल्या वर्षात मोजून चार दुवे मिळाले, चारही ओळखीतून आणि चारही खरे.

गिऱ्हाईक तुमच्या दारात येत असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइलही करा, तेही मोफत आहे. नकाशावर दिसण्याचा मार्ग तो आहे आणि त्याचा क्रम वेगळा लागतो. फक्त ऑनलाइन विकणाऱ्यांना ते मिळत नाही. मामीकडे लोक डबे घेऊन येतात, त्यामुळे आम्हाला मिळालं. पडताळणीसाठी बहुतेकदा जागेचा व्हिडिओ मागतात. पाटी, यंत्र, मालाची खोली सलग दाखवा.

८. मोबाईल आणि वेग

गूगल आता तुमची साइट मोबाईलवर जशी दिसते तीच धरतं. म्हणून फक्त संगणकावर दिसणारा मजकूर नसल्यासारखाच. ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये पत्ता टाका. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा ही अपेक्षा असते. आमचा वेळ खात होते पाच-पाच एमबीचे फोटो, ते लहान केले आणि काम झालं. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत नसेल तर होस्टिंगवाल्याला आज सांगा. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या मागे मात्र लागू नका, तो वेळ वहीतल्या प्रश्नांना द्या.

९. वाट कशी बघायची

नोंद व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. क्रमांकाचं म्हणाल तर केलेल्या सुधारणांचं फळ दिसायला चार महिने ते एक वर्ष धरा, असं गूगलनेच २०१७ च्या एका व्हिडिओत सांगितलं होतं. आमचा अनुभव त्यातच बसतो.

मधल्या काळात एक चकवा लागतो. नवं पान अचानक वर दिसतं आणि आठवड्याभरात गायब होतं. तेव्हा काही मोडलंय असं समजून शीर्षकं बदलत सुटू नका. नव्या साइटबद्दल पुरेशी माहिती नसते, म्हणून आधी अंदाज बांधला जातो आणि पुढे तो वर किंवा खाली सरकतो, असं गूगलचे जॉन म्युलर यांनी वेळोवेळी सांगितलंय. एसइओवाले (साइट गूगलवर वर आणायचं काम करणारे) नव्या साइटच्या या काळाला सँडबॉक्स म्हणतात. असं काही मुद्दाम ठेवलंय हे गूगलने नाकारलंय, पण वाट बघावी लागते हे खरं.

स्वतःच्या मोबाईलवर रोज स्वतःला शोधणं बंद करा. तुमचं ठिकाण आणि तुमचे जुने शोध यांमुळे तिथे दिसणारा क्रम इतरांना दिसेलच असं नाही. महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा आणि आधी ‘इम्प्रेशन्स’ बघा, म्हणजे किती वेळा तुम्ही कुणाच्या तरी शोधात आलात. क्लिक नंतर येतात. इम्प्रेशन्स हळूहळू वाढताहेत, नवे नवे शब्द यादीत येताहेत, तर गाडी रुळावर आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनच्या वेबमास्टर टूल्समध्येही साइट जोडून ठेवा. सर्च कन्सोलमधूनच माहिती उचलता येते, दहा मिनिटांचं काम आहे, आणि डकडकगोसारख्या दुसऱ्या सर्च इंजिनचे निकाल बरेचसे बिंगकडून येतात.

हंगामी धंदा असेल तर पानं हंगामाच्या दोन-तीन महिने आधी ताजी करा, कारण बदल वाचला जायलाही वेळ लागतो. मिरचीचे भाव बदललेले असतात, पाठवणीचा खर्च बदललेला असतो. आता डिसेंबरात मामी फोनवर नवे भाव सांगते, मी पान उघडून भरते, आणि खाली वहीतले त्या वर्षीचे दोन नवे प्रश्न जोडते.